बीफ अँड स्टाउट पाय, पण शिरूर-दौंडच्या किचनमध्ये

एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर हे वाचून काढा. आजचा पदार्थ पाय. आपलं पाया सूप नाही हां! काळ्या बिअरमध्ये मऊ शिजवलेलं मांस आणि वर मैद्याचं खुसखुशीत झाकण, असा हा आयरिश-इंग्लिश प्रकार.

आधी बीफचं बोलू. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीवर तशी सरसकट बंदी नाही, पण प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे परदेशी व्हिडिओतलं बीफ इथे विसरा. मी बोकडाचं मटण वापरतो, पाऊण किलो, खांद्याचं. चिवट भागच घ्या, कारण त्यातलं कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं आणि रस्सा त्यानेच दाट होतो.

स्टाउट काळी असते ती भाजलेल्या बार्लीमुळे. कॉफीसारखाच कडवट, खमंग वास. डब्लिनची गिनेस १७५९ पासूनची. पुण्यात स्टाउट शोधता येते, पण आपल्याकडे बिअर घ्यायला वय २१ पूर्ण लागतं. नसेल तर मटणाचं पाणी आणि चमचाभर इन्स्टंट कॉफी. साधी स्ट्राँग बिअर नको, तिच्यात तो भाजका स्वादच नाही. आणि एक महत्त्वाचं: उकळून सगळं अल्कोहोल उडतं हा गैरसमज आहे, थोडं राहतंच. घरात कुणी घेत नसेल तर वाढायच्या आधी सांगा. नंतर सांगणं म्हणजे फसवणूक.

मटणाला मैदा, मीठ, मिरी चोळून तेलात लालसर परता. मग दोन कांदे, लसूण, गाजर, तमालपत्र. ३३० मिली स्टाउट ओतून पाच मिनिटं उघडंच उकळा, नाहीतर फेस शिट्टीत जाऊन अडकेल. कुकर म्हणजे ओव्हरक्लॉकिंग: आत साधारण १२० अंश, म्हणून दोन तासांचं काम पाच-सहा शिट्ट्यांत. पण वाफ कोंडल्यामुळे रस्सा पातळ राहतो. झाकण काढून आटवा. आटवताना कडूपणा वाढतो, तेव्हा सुपारीएवढा गूळ टाका. मग पूर्ण गार करा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तर उत्तम.

गार का? दौंडला मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो, तिथे हाच खरा प्रश्न. झाकणाचे पापुद्रे सुटतात ते लोण्याच्या घट्ट कणांमुळे. ओव्हनमध्ये लोणी वितळतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि थर उचलले जातात. लोणी आधीच वितळलं तर थेट बिस्किट! म्हणून २०० ग्रॅम मैदा फ्रीजरमध्ये ठेवा, १०० ग्रॅम गोठलेलं बटर किसणीवर किसून घाला, बर्फाचं पाणी चार-पाच चमचे. मळू नका, फक्त गोळा करा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पहाटे केलं तर अर्धी लढाई जिंकली.

खाली पारी नकोच, ती ओली राहते. खोल भांड्यात गार मटण, वर लाटलेलं झाकण, मधे वाफेला भोक. २०० अंशांवर ३०-३५ मिनिटं.

ओटीजी नाही? दिवाळीत नानकटाईचे ट्रे बेकरीत नेतात तसं पाव निघाल्यावर भट्टीवाल्या काकांना विचारा. आत मटण आहे हे स्पष्ट सांगा, ते नाही म्हणाले तर वाद घालू नका. मग मिठाच्या गरम कढईत झाकण ठेवून नुसत्या चकत्या भाजा आणि गरम रश्श्यावर ठेवा. पापुद्रे थोडे कमी सुटतील, पण चालतंय.

काढल्यावर दहा मिनिटं थांबा, आतला रस्सा जीभ भाजतो. सोबत काकडी-कांदा, लिंबू पिळून.