रंग उडाला तरी...

ऊन लागून विटू नये म्हणून आपण पैठणी मलमलीत गुंडाळून ठेवतो. फुलपाखरांचंही तसंच. प्राणिशास्त्र शिकवताना जुन्या संग्रहांच्या पेट्या माझ्या हाताखालून जातात. उजेडात टांगलेल्या पेटीतली फुलपाखरं पार मातकट झालेली असतात. मग ती ओळखायची कशी?

अशा वेळी रंग विसरायचा आणि बाकीचं बघायचं. पंखातल्या शिरांची जाळी, ठिपक्यांच्या जागा, पंखाची कड. या खुणा सहसा जात नाहीत. निळी झाकसुद्धा बरेचदा टिकते, कारण ती रंगद्रव्याची नसतेच. पंखावरच्या खवल्यांच्या बारीक रचनेमुळे ती दिसते.

खरी गंमत आपल्याकडच्या दोन फुलपाखरांची. केशरी 'प्लेन टायगर'ची अळी रुईवर वाढते. रुईच्या विषामुळे पक्षी या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. 'डॅनाइड एगफ्लाय'ची मादी हुबेहूब त्याचंच रूप घेते आणि पक्ष्यांना चकवते. तिची अळी मात्र वाढते घोळावर, हो, आपण भाजी करतो तोच घोळ! स्वीडनच्या लिनियसनं या दोन्ही जातींना शास्त्रीय नावं दिली, एकीला १७५८ मध्ये, दुसरीला १७६४ मध्ये.

पेटीत दोन्हींचा केशरी रंग उडाला की घोटाळा आणखी वाढतो. तेव्हा भिंगातून मागचा पंख बघायचा. प्लेन टायगरच्या पंखाच्या मधल्या भागात तीन-चार काळे ठिपके असतात. एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेजवळ एकच. झाली ओळख!

पण एकदा एका कॉलेजातली पेटी आली. साफसफाई करताना कुणीतरी टाचण्यांखालच्या चिठ्ठ्या काढून एका पाकिटात भरल्या होत्या. त्या इवल्याशा चिठ्ठीवर गाव, तारीख आणि पकडणाऱ्याचं नाव असतं. फुलपाखरांना मी नावं लावून दिली. कोणतं कुठलं आणि कधीचं, ते मात्र कायमचं गेलं. एखाद्या गावात पूर्वी कोणती फुलपाखरं होती आणि आता कोणती दिसेनाशी झाली, याचा पुरावा त्या चिठ्ठीतच असतो ना!

म्हणून मैत्रिणींनो, अंगणात फुलपाखरू दिसलं तर पकडू नका, मोबाइलवर फोटो काढा. नाव येत नसलं तरी हरकत नाही, ते मागाहून कुणीही सांगेल. गाव आणि तारीख तेवढी लगेच लिहून ठेवा. ती फक्त तुम्हालाच ठाऊक असते.