मार्गदर्शक कुत्रा वाट दाखवत नाही

अंध व्यक्तीला हव्या त्या ठिकाणी कुत्रा घेऊन जातो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात कुठे जायचे, कोणत्या कोपऱ्यावर वळायचे, हे माणूसच ठरवतो. त्यासाठी रस्त्याचा नकाशा त्याच्या डोक्यात पक्का असावा लागतो. कुत्रा सहसा डावीकडून चालतो. त्याच्या अंगावरच्या पट्ट्याला ताठ दांडा असतो. कुत्रा खड्डा टाळायला जरा सरकला किंवा पायरीपाशी थबकला, की ते दांड्यातून लगेच हाताला कळते. सिग्नल कुत्र्याला समजत नाही. वाहनांचा आवाज ऐकून माणूस ‘पुढे’ म्हणतो. मात्र तेवढ्यात गाडी आली तर कुत्रा जागचा हलत नाही. हुकूम पाळायला शिकवणे त्या मानाने सोपे, तो कधी मोडायचा हे शिकवणे अवघड. माझ्या मते या प्रशिक्षणाचे खरे मोल इथेच आहे: निर्णय माणसाचा राहतो आणि जीवही वाचतो.

पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबर्गला १९१६ मध्ये अशी शाळा निघाली. अमेरिकेतला अंध तरुण मॉरिस फ्रँक १९२८ मध्ये स्वित्झर्लंडला जाऊन ‘बडी’ या कुत्रीसोबत शिकला. परतल्यावर न्यूयॉर्कचा गजबजलेला वेस्ट स्ट्रीट त्याने पत्रकारांदेखत तिच्यासह ओलांडला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ‘द सीईंग आय’ ही संस्था उभी राहिली.

पांढरी काठी असताना एवढा खर्च कशाला, असे कुणी विचारेल. काठी स्वस्त आहे आणि ती वापरता येणे गरजेचेच आहे. पण अडथळा तिला लागल्यावरच कळतो, आणि डोक्याच्या उंचीवरची फांदी तर कळतच नाही. प्रशिक्षित कुत्रा दोन्ही आधीच चुकवतो. मुक्या जनावराला राबवणे क्रूरपणाचे नाही का, हा प्रश्नही रास्त आहे. म्हणूनच चांगल्या संस्था घाबरट किंवा या कामात न रमणारे कुत्रे बाजूला काढून घरगुती पाळीव म्हणून देतात, आणि वय झालेल्यांना निवृत्त करतात. आपल्याकडचा आक्षेप अधिक खरा आहे: फुटपाथ सलग नाहीत आणि भटकी कुत्री अंगावर येतात. अशा हल्ल्याने शिकलेल्या कुत्र्याचाही धीर खचू शकतो. पण तुटका फुटपाथ काठीवाल्यालाही तितकाच छळतो. तो दुरुस्त करणे हे महापालिकेचे काम आहे, कुत्र्याचे नव्हे.

असा कुत्रा कधी दिसला, तर त्याला हात लावू नका, खाऊ देऊ नका, हाका मारू नका. मदत करावीशी वाटली तर आधी त्या माणसाला विचारा.