आधीं नांव, मग दर्शन

शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत राजा दुष्यंत आश्रमांत येतो, तेव्हां कुलपति कण्व घरीं नसतात. शकुंतलेचें प्रतिकूल दैव शमविण्यासाठीं ते सोमतीर्थास गेले आहेत, एवढेंच आपल्याला कळतें. पुढें तीन अंक त्यांचें नुसतें नांव निघत राहतें, आणि ते प्रत्यक्ष येतात ते चौथ्या अंकांत, लेकीची पाठवणी करण्यापुरते. हंसपदिकेचें गाणें ऐकूं येतें पण ती दिसत नाहीं; राणी वसुमती सहाव्या अंकांत येतां येतां मागें फिरते. कोणाला दाखवावें, केव्हां दाखवावें आणि कोणाला मुळींच दाखवूं नये, हा विवेक नाटककाराला पूर्वापार करावा लागत आला आहे.

दूरचित्रवाणीच्या मालिकांत ह्याच विवेकाला निराळें वळण लागलें. नाटक एका रात्रींत संपतें. मालिका आठ-आठ, दहा-दहा वर्षें चालते. एवढा काळ ज्याचें केवळ नांव ऐकलें, तो माणूस एके दिवशीं समोर उभा राहिला म्हणजे काय होतें, ह्याचीं कांहीं उदाहरणें वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे. तीं बहुतेक अमेरिकेंतील आहेत, कारण ही युक्ति तेथें जितकी जोपासली गेली तितकी आमच्या पाहण्यांत इतरत्र नाहीं.

'कोलंबो' ही गुन्हेशोधाची मालिका १९७१ सालीं नियमितपणें सुरू झाली. मळकट रेनकोट घातलेला हा पोलीस अधिकारी संशयिताच्या घरीं जाऊन बसतो आणि कामाचें सोडून बायकोच्या गोष्टी सांगत सुटतो. ऐकणारा बेसावध होतो, आणि तेवढ्यांत सापळा मिटतो. १९७५ सालच्या एका भागांत तर हें जोडपें जलप्रवासाला निघालें होतें. बाई त्याच बोटीवर, आणि तरीही दिसल्या नाहींत! पुढें १९७९ मध्यें वाहिनीला मोह आवरला नाहीं व 'मिसेस कोलंबो' ही स्वतंत्र मालिका निघाली. मूळ निर्माते लेव्हिन्सन व लिंक ह्यांना ती कल्पना मान्य नव्हती. कोलंबोचें काम करणारा पीटर फॉक तेव्हां पन्नाशी उलटलेला, आणि ही नवी पत्नी, केट मुलग्रू, तेवीस वर्षांची. प्रेक्षकांनीं मनांत वसविलेली संसारी बाई ती नव्हेच. मग मालिकेचें नांव बदललें, नायिकेला घटस्फोट दिला, आडनांवही काढून घेतलें. अवघ्या तेरा भागांनंतर १९८० मध्यें सर्व आटोपलें. १९८९ मध्यें कोलंबो परत आला तो आपल्या जुन्या, न दिसणाऱ्या बायकोच्या गोष्टी सांगतच आला.

ही कोलंबोची बायको तरी भाग्याची, कारण नवरा तिच्याविषयीं मायेनें बोलतो. इतर बायकांच्या वांट्याला बहुधा थट्टाच आलेली आहे. ब्रिटनमधील 'डॅड्स आर्मी' (१९६८ ते १९७७) ह्या मालिकेंत कॅप्टन मॅनरिंगची पत्नी दिसते ती एवढीच, कीं हवाई हल्ल्याच्या निवाऱ्यांतल्या वरच्या फळीवर ती निजली असतां त्या फळीला आलेला बाक खालून दिसावा. 'फ्रेझर' ह्या १९९३ सालच्या अमेरिकन मालिकेंत नाइल्सची बायको मॅरिस हिला थोड्या भागांनंतर आणावयाचें असें लेखकांनीं प्रथम योजिलें होतें. पण तिच्या काटकुळेपणाचीं व लहरीपणाचीं वर्णनें रचतां रचतां इतकीं पुढें गेलीं कीं तीं जुळेल अशी हाडामांसाची नटी मिळणेंच अशक्य झालें, व तो बेत सोडावा लागला. विनोद म्हणून हें चालावयाचेंच, आम्हीही हंसलों. तथापि असल्या न दिसणाऱ्या पात्रांत बायका, आया आणि सासवाच इतक्या कां, आणि त्यांच्याबद्दल जें कळतें तें नवऱ्याच्या किंवा मुलाच्याच तोंडून कां, हा प्रश्न हंसून झाल्यावर उरतो. न्यायालयांत एकच पक्ष बोलावा आणि दुसऱ्याला समन्सच निघूं नये, तसा हा प्रकार आहे.

'हाऊ आय मेट युवर मदर' ह्या मालिकेनें समन्स काढलें खरें, पण फार उशिरां. सप्टेंबर २००५ मध्यें ती सुरू झाली. २०३० सालीं एक बाप आपल्या दोन मुलांना त्यांची आई आपल्याला कशी भेटली हें सांगतो आहे, अशी मांडणी. आठ वर्षें त्या आईची पिवळी छत्री तेवढी फिरत राहिली. अखेर १३ मे २०१३ रोजीं ती तिकिटाच्या खिडकीशीं उभी दिसली. क्रिस्टिन मिलिओटी ह्या नटीनें तें काम केलें. २७ जानेवारी २०१४ चा भाग हा मालिकेचा दोनशेवा. त्यांत तींच आठ वर्षें तिच्या बाजूनें दाखविलीं आहेत. ज्या काळांत नायक नव्या-नव्या मुलींच्या मागें होता, त्याच काळांत इकडे तिच्या वाढदिवशींच तिचा प्रियकर गेला होता आणि त्या दुःखांतून ती हळूहळू बाहेर येत होती. जिच्या येण्याची नुसती वाट पाहिली, तिलाही स्वतःचें आयुष्य होतें, हें प्रेक्षकांना त्या दिवशीं कळलें. आमच्या मतें सबंध मालिकेंतील हा उत्तम भाग होय.

आणि दोनच महिन्यांनीं, ३१ मार्चला, शेवटच्या भागांत ती वारली! गोष्ट सांगितली जात होती तेव्हां ती जाऊन सहा वर्षें झालेलीं होतीं, आणि मुलें बापाला दुसऱ्या बाईकडे जा म्हणून सुचवितात. मुलांचें तें दृश्य २००६ मध्येंच चित्रित करून ठेविलें होतें, कारण पुढें तीं मोठीं दिसलीं असतीं. म्हणजे आईचें काम कोण करणार हें ठरण्याच्या सहा-सात वर्षें आधीं तिचें मरण ठरून पेटींत बंद झालेलें होतें. प्रेक्षक संतापले, पुढें त्याच वर्षीं तबकडीवर, आई जिवंत राहते असा दुसरा शेवटही देण्यांत आला. संताप आम्हांस रास्त वाटतो.

आतां बापांकडे वळूं. 'चीअर्स' ह्या मालिकेंत फ्रेझरनें आपला बाप शास्त्रज्ञ होता व तो वारला असें सांगितलें होतें. पुढें फ्रेझरची स्वतंत्र मालिका निघाली, तर बाप जिवंत, आणि निवृत्त पोलीस! भांडणाच्या रागांत मी तसें बोललों, असा खुलासा मग १९९५ मध्यें मुलाला करावा लागला. हें गमतीनें खपून गेलें. पण शेल्डन कूपरच्या बापाची गोष्ट गमतीची नाहीं.

'द बिग बँग थिअरी' (२००७ ते २०१९) ह्या मालिकेंतील शेल्डन हा विद्वान पण माणसांत न रुळणारा पदार्थशास्त्रज्ञ. त्याचा बाप जॉर्ज लहानपणींच वारलेला. मुलाच्या बोलण्यांतून तो कळतो तो दारुडा, भांडखोर व बाहेरख्याली. शेल्डनची दारावर तीनदां टकटक करण्याची संवय प्रसिद्धच आहे. तिचें कारण त्यानें २०१६ च्या एका भागांत सांगितलें: तेरा वर्षांचा असतांना त्यानें दार उघडलें, तों बाप परक्या बाईजवळ होता. पहिली टकटक रीतीची. पुढच्या दोन आंतल्या माणसांना कपडे सांवरतां यावेत म्हणून.

२०१७ मध्यें 'यंग शेल्डन' निघाली आणि लान्स बार्बर ह्या नटाच्या रूपानें तो बाप दिसूं लागला. टेक्ससमधील शाळेंत फुटबॉल शिकविणारा, बियर पिणारा, पैशाच्या ओढगस्तीनें दमलेला आणि मुलाचें डोकें आपल्या आवांक्याबाहेरचें आहे हें जाणून असलेला. तरी त्याला गाडींत घालून महाविद्यालयांत पोंचविणारा. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांना हें नवें वाटणार नाहीं. वेगळ्या निघालेल्या चुलत्याविषयीं मुलें माजघरांत काय काय ऐकतात, आणि मग एखाद्या मुंजीच्या मांडवांत तो चुलता भेटतो.

ती परकी बाई कोण, हें २०२४ मध्यें उघड झालें. ती शेल्डनची आईच होती. नवऱ्याची गंमत करण्यासाठीं तिनें सोनेरी केसांचा टोप घातला होता. मुलानें दार उघडलें, पाहिलें, आणि कोणाला कांहीं न विचारतां मिटून घेतलें.

९ मे २०२४ च्या भागांत जॉर्ज सकाळीं नेहमींसारखा कामावर निघाला. त्याच्या जाण्याकडे कोणाचें विशेष लक्ष नव्हतें. हृदयविकारानें तो गेल्याची बातमी घरीं आली. पुढच्या आठवड्यांतील अंत्यविधीच्या भागांत शेल्डन तीच सकाळ मनांत पुन्हा पुन्हा मांडतो आणि निघालेल्या बापाला आपण काय म्हणावयास हवें होतें, तें दर वेळीं निराळ्या शब्दांत म्हणून पाहतो.