मेंदू निर्णय कसा घेतो? मुलांसाठी सोप्या भाषेत

भिवंडीजवळच्या राहनाळमध्ये गोदामं भरपूर, त्यामुळे ट्रक-कंटेनरही भरपूर. म्हणून मुलांना मेंदूचं काम सांगताना मी रस्ता ओलांडण्याचंच उदाहरण घेतो.

समजा, पलीकडे कुल्फीवाला उभा आहे. डोळ्यांना दिसलेलं डोक्याच्या मागच्या भागात पोहोचतं आणि ‘ट्रक येतोय’ हे मेंदू ओळखतो. आत खोलवरचे काही भाग म्हणतात, ‘कुल्फी हवी, पळ!’ बदामाच्या आकाराचा अमिग्डाला धोक्याची घंटा वाजवतो. कपाळामागचा भाग दोघांचं ऐकून ठरवतो: थांबायचं की निघायचं. हे सगळं क्षणार्धात!

मग मुलं एकदम का धावतात? कारण कपाळामागचा भाग पूर्ण तयार व्हायला साधारण २५ वर्षं लागतात. शिवाय येणाऱ्या गाडीचा वेग ओळखणंही लहान मुलांना मोठ्यांपेक्षा कठीण जातं.

म्हणून मुलांनो, आधी थांबा, दोन्हीकडे बघा, गाडी गेल्यावरच निघा. रोज असंच केलं की मेंदूला त्याची सवय लागते. मग दरवेळी वेगळा विचार करावा लागत नाही. आणि पालकांनो, ‘अक्कल नाही का?’ असं ओरडण्यापेक्षा मुलांचा हात धरा. अक्कल आहे, फक्त ती अजून तयार होतेय.