बाऊ जातो, देव का राहतो?

लेकरांचं मन : लेखांक सहावा

मागच्या लेखांकात विहिरीतल्या साती आसरा, पिंपळावरचा मुंजा आणि रात्री शिवारात वाट चुकवणारा चकवा यांच्याविषयी लिहिलं होतं. ते वाचून अकोल्याच्या एका आजींनी विचारलं, "नात आता दुसरीत गेली. बाऊ खोटा आहे हे तिला कळलं. उद्या ती गजानन महाराजांनाही तसंच म्हणाली तं?"

आजींची काळजी वाटते तितकी घरगुती नाही. धर्माचं मानसशास्त्र अभ्यासणाऱ्यांना हा प्रश्न बराच काळ सतावतो आहे. २००८ साली जस्टिन बॅरेट या अभ्यासकाने 'सांताक्लॉज देव का नाही' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेखच लिहिला. सांता सगळं पाहतो, कोण शहाणं वागलं ते त्याला कळतं, तो बक्षीस देतो. देवपणाला लागणारं बरंच काही त्याच्यापाशी आहे. तरी मोठेपणी त्याची कुणी प्रार्थना करत नाही.

मुलं भोळी असतात, सांगू ते खरं मानतात, अशी आपली समजूत आहे. ती अर्धीच खरी. पॉल हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २००६ साली लहान मुलांना विचारलं की जंतू आहेत का, देव आहे का, राक्षस आहेत का? जंतू कुणीच पाहिले नव्हते, पण त्यांच्याबद्दल मुलांना सर्वांत जास्त खात्री होती. देव थोडा मागे. राक्षस मात्र बहुतेकांनी बाद केले. हॅरिस यांनी याचं कारण मोठ्यांच्या बोलण्यात शोधलं. 'हात धू, जंतू असतात' हे आपण सहज बोलून जातो. देवाचं नाव निघालं की 'माझी श्रद्धा आहे' असं मुद्दाम सांगतो. बाऊचं नाव घेताना तर आवाजच बदलतो. पोट्टं हे सगळं टिपत असतं.

त्याहून जास्त ते वागणं टिपतं. मला या साऱ्या अभ्यासातला हाच धागा सर्वांत पटतो. जोसेफ हेन्रिक यांनी २००९ साली मांडलं की, मोठी माणसं एखाद्या श्रद्धेसाठी स्वतः झीज सोसताना दिसली, तरच ती श्रद्धा मुलांत रुजते. आता आपल्याकडचं पाहा. "झोप लवकर, नाही तं बाऊ येईन" म्हणणारी आजी पाच मिनिटांत त्याच अंधारात, एकटी, परसात भांडी ठेवायला जाते. बाऊसाठी घरात कुणी उपास धरत नाही, कुणी रुपया खर्च करत नाही.

आणि श्रावणातल्या शेवटच्या सोमवारचं अकोला आठवा. गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरून पंधरा-अठरा किलोमीटर अनवाणी चालत कावडी येतात आणि ग्रामदैवत राजराजेश्वराला जलाभिषेक होतो. ही प्रथा १९४४ च्या दुष्काळापासूनची असल्याचं सांगतात. मोठ्या मंडळांच्या कावडींना शेकडो भरणे टांगलेले असतात, त्या पेलायला गल्लीतली सगळी तरणी पोरं लागतात. सात वर्षांचं पोर दारात उभं राहून काय पाहतं? कालपर्यंत आपल्याबरोबर क्रिकेट खेळणाऱ्या दादाचा सोललेला खांदा. पायाचे फोड. आणि त्याच्या पायावर पाणी घालणारी, एरवी कुणापुढे न वाकणारी काकू. त्याच राजराजेश्वराची कथाही ते ऐकतं. राजा तलवार घेऊन मागे आला तेव्हा राणीने धावा केला, पिंड दुभंगली, राणी आत गेली आणि पदराचं टोक तेवढं बाहेर राहिलं. नुसती कथा असती तर ती परीकथांच्या फडताळात गेली असती. सोललेला खांदा तिला तिथे जाऊ देत नाही.

देव खरा की खोटा, हे यातून ठरत नाही. श्रद्धा मुलापर्यंत कोणत्या वाटेने पोचते, एवढंच कळतं.

बाऊ आणि देव या दोहोंच्या मधली जागाही आहे, आणि ती वऱ्हाडातल्या पोरींना चांगली ठाऊक आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर बसणारी भुलाबाई! मातीचे भुलाबाई-भुलोजी, मांडीवर गणोबा. पोरी गाणी म्हणतात, मग डबा कानाशी हलवून खिरापत ओळखायची. शेंगदाणे की मुरमुरे, यावरून हातघाई. मूर्ती बाजारातून आणलेली आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, तिच्या रंगावरून चेष्टाही चालते. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात तिची पूजा लागली की त्याच पोरी हात जोडतात. इथे खेळ आणि पूजा यांच्यात कुंपण नसतं. मोठ्यांना त्यात विसंगती दिसेल, मुलींना तिची अडचण होत नाही.

ज्या वाटेने कावड येते त्याच वाटेने वाईटही येतं, हेही सांगायला हवं. मेळघाटात तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की तापल्या विळ्याने पोटावर चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंतरही अशा बातम्या थांबलेल्या नाहीत. शेजारी उभं असलेलं भावंड तेही पाहतं, आणि मोठेपणी आपल्या लेकराला घेऊन भुमकाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, जातं.

सांगण्यापेक्षा वागणं पोचतं, ही मेख आपल्याच मातीतल्या एका माणसाने अभ्यासकांच्या कितीतरी आधी ओळखली होती. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेला डेबू मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे वाढला. बारशाला दारू-मटणाचं जेवण हा रिवाज होता. डेबूने स्वतःच्या मुलीच्या बारशाला भावकीच्या पानात लाडू वाढले. कुरकुर झाली असणारच. पुढे गाडगेबाबा म्हणून ते नवसाच्या बोकडांवर बोलले, पण आधी खराटा घेऊन गाव झाडून मग बोलले. पंढरपुरात वारकऱ्यांसाठी धर्मशाळा बांधली, स्वतः मात्र विठ्ठलाच्या दर्शनाच्या रांगेत उभे राहिले नाहीत. पाहणाऱ्या पोरांना त्यातून काय पोचलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

तर आजी, बाऊ गेला म्हणून महाराज जातील असं नाही. नात तुमच्याबरोबर शेगावला येते, तुमचा गुरुवार पाहते, तिचा निर्णय ती त्यावरून घेईल. मोठी झाल्यावर तो तुमच्यापेक्षा वेगळाही असू शकेल, तो तिचा हक्क आहे. पण जेवण्या-झोपण्यासाठी बाऊला बोलावणं आजपासून बंद करा. त्याने तिला फक्त अंधाराची भीती मिळते.

पुढच्या लेखांकात वहीत मोरपीस ठेवून त्याला पिल्लू होण्याची वाट पाहणाऱ्या पोरांविषयी. तुमच्या शाळेत मोरपिसाला खडूची पूड खाऊ घालत की आणखी काही, ते गावाच्या नावासह जरूर कळवा.