कौंटीचा जमाखर्च

इंग्लंडांतील एखाद्या खेड्यांतला गृहस्थ सकाळीं घराबाहेर पाऊल टाकतो, तेव्हां त्याच्या पायाखालचा रस्ता बहुधा कौंटी कौन्सिलनें राखलेला असतो. शाळा लांब असेल तर त्याच्या मुलांना तेथें पोंचविणारी गाडी कौन्सिलच्या खर्चानें धांवते. गांवांतलें ग्रंथालय कौन्सिलचें. आणि शेजारीं एकट्या राहणाऱ्या, ऐपत नसलेल्या वृद्धेला न्हाऊं-जेवूं घालून जाणाऱ्या सेविकेचें वेतनहि कौन्सिलच्याच तिजोरींतून निघतें. दारांतला कचरा उचलणारी गाडी मात्र कौंटीची नसते. ती खालच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलची. पण त्या गाडीनें गोळा केलेल्या कचऱ्याची शेवटची विल्हेवाट लावणें पुन्हां कौंटीच्याच माथीं येतें.

हीं सारीं कामें निमूटपणें चाललेलीं असतात तोंवर त्यांना पैसा कोठून येतो, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाहीं. तो पडतो कामें बंद पडूं लागलीं म्हणजे. इंग्लंडच्या मध्यभागीं असलेल्या नॉर्थॅम्प्टनशायर या कौंटींत २०१८ सालीं तसें घडलें. आणि तोंवर मुख्यतः पादत्राणांच्या धंद्यासाठीं ओळखल्या जाणाऱ्या या शांत कौंटीचें नांव हिशेब हातचा गेल्याचें उदाहरण म्हणून देशभर झालें. त्या घटनेचा अर्थ नीट कळावयाचा तर कौंटी कौन्सिल ही संस्था मुळांत काय आहे, हें आधीं पाहिलें पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कौंट्यांचा कारभार मुख्यतः जमीनदार वर्गांतील अवैतनिक मॅजिस्ट्रेट दर तीन महिन्यांनीं भरणाऱ्या आपल्या न्यायसभेंत पाहत असत. ज्यांच्याकडून पट्टी घ्यावयाची त्यांचे प्रतिनिधि तेथें नव्हते. १८८८ च्या कायद्यानें हा कारभार लोकनियुक्त कौन्सिलांच्या हातीं दिला व १८८९ पासून तीं कामास लागलीं. आरंभीं त्यांच्याकडे रस्ते, पूल, वेड्यांचीं इस्पितळें असलीं कामें होतीं. १९०२ च्या कायद्यानें शिक्षण आलें. १९३० सालीं निराधारांना पोसण्याची जबाबदारी आली. १९४८ सालीं इस्पितळें राष्ट्रीय आरोग्यसेवेकडे गेलीं. परंतु निराश्रित वृद्ध व अनाथ मुलें यांचा सांभाळ कायद्यानें कौन्सिलांवरच सोंपविण्यांत आला. १९६४ च्या कायद्यानें चांगलीं ग्रंथालयें चालविणें हें ऐच्छिक काम न राहतां कर्तव्य झालें. याप्रमाणें कर्तव्य पार्लमेंटनें नेमून द्यावें आणि तें कौन्सिलनें पार पाडावें, असा क्रम शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आलेला आहे.

या कर्तव्यांस लागणारा पैसा मुख्यतः तीन वाटांनीं येतो: मध्यवर्ती सरकारचें अनुदान, व्यापारी इमारतींवरील करांतला वांटा, आणि रहिवाशांकडून घेतला जाणारा कौन्सिल टॅक्स. हा शेवटचा कर म्हणजे महाराष्ट्रांतल्या घरपट्टीचा जवळचा आप्त होय. तो १९९३ सालीं सुरू झाला. १ एप्रिल १९९१ रोजीं बाजारांत काय किंमत आली असती, याचा अंदाज करून इंग्लंडांतील प्रत्येक घर आठ वर्गांपैकीं एका वर्गांत घातलेलें आहे. सर्वांत वरच्या वर्गांतलें घर सर्वांत खालच्या वर्गांतल्या घराच्या तिप्पट कर देतें. मग तें त्याच्या वीसपट किंमतीचें कां असेना! पुढें घरांच्या किंमती कोठल्या कोठें गेल्या, पण इंग्लंडांत सर्व घरांची फेरआकारणी झालेली नाहीं. शिवाय हा कर मनास येईल तसा वाढवितांहि येत नाहीं. सरकारनें आंखलेल्या मर्यादेपलीकडे जावयाचें तर २०११ च्या कायद्याप्रमाणें त्या भागांतील मतदारांचा कौल घ्यावा लागतो.

राष्ट्राचें सरकार आपली तूट कर्जानें भरून काढूं शकतें. कौन्सिलला ती सवड नाहीं. नवा रस्ता किंवा नवी इमारत यांसाठीं त्याला कर्ज काढतां येतें. परंतु पगार, दुरुस्ती, वृद्धांची सेवा असा रोजचा खर्च वर्षाच्या उत्पन्नांतून आणि गांठीं असलेल्या गंगाजळींतूनच भागवावा लागतो. तो भागणार नाहीं असें दिसूं लागलें कीं, १९८८ च्या कायद्याच्या ११४ व्या कलमान्वयें मुख्य वित्ताधिकाऱ्यानें तसा लेखी अहवाल दिला पाहिजे. सभासदांना तो रुचो वा न रुचो, त्यांना तो दडपतां येत नाहीं. अहवालानंतर एकवीस दिवसांच्या आंत कौन्सिलची सभा भरावी लागते, आणि मध्यंतरीं त्या अधिकाऱ्याच्या संमतीवांचून खर्चाचा एकहि नवा करार करतां येत नाहीं. संस्थेच्या नोकरानेंच धन्याचा हात धरावा, अशी ही तरतूद आहे.

आतां खर्चाची बाजू. शाळांचा हिशेब वेगळा ठेवला तर कौंटी कौन्सिलच्या खर्चाचा निम्म्याहून पुष्कळ अधिक भाग दोनच कामांत जातो: वृद्ध व अपंग प्रौढांची सेवा, आणि ज्यांना आईबापांचा आधार उरलेला नाहीं अशा मुलांचा सांभाळ. नेमकीं हींच दोन कामें सामान्य करदात्याच्या दृष्टीस पडत नाहींत. त्याला दिसतो तो रस्त्यांतला खड्डा, वेळेवर न येणारी बस, दिवे मालवलेलें ग्रंथालय. आपण एवढी पट्टी भरतों ती जाते कोठें, असा त्याचा सवाल असतो. आणि ती बहुतांशीं चार भिंतींच्या आंत, कोणाच्या तरी अंथरुणापाशीं खर्च होत असते, हें उत्तर त्याला कोणी सांगत नाहीं.

हीं दोन कामें कमी करणें कायद्यानें अत्यंत अवघड आहे. संकटांत सांपडलेल्या मुलाला यंदां पैसे नाहींत म्हणून परत धाडतां येत नाहीं. उलट माणसांचें आयुष्य वाढत जातें तसा हा खर्चहि वाढत जातो. म्हणून उत्पन्न आटलें कीं कात्री चालते ती लहान खर्चांवर. ग्रंथालय बंद करून फार थोडी बचत होते. पण तें बंद करणें हातांत असतें, आणि वृद्धांची संख्या कमी करणें कोणाच्याच हातांत नसतें. उत्पन्नहि थोडथोडकें आटलें नाहीं. इंग्लंडच्या नॅशनल ऑडिट ऑफिसनें २०१८ सालीं केलेल्या हिशेबाप्रमाणें, महागाई जमेस धरतां, स्थानिक संस्थांना सरकारकडून मिळणारा पैसा २०१०-११ ते २०१७-१८ या अवधींत ४९.१ टक्क्यांनीं घटला होता.

हा ताण साऱ्याच कौंट्यांवर पडला. मग नॉर्थॅम्प्टनशायरच कां कोलमडावें? तेथील वित्ताधिकाऱ्यानें २ फेब्रुवारी २०१८ रोजीं ११४ व्या कलमाखालीं अहवाल दिला. असा प्रसंग इंग्लंडांत सुमारें अठरा वर्षांत आला नव्हता. सरकारनें नेमलेले निरीक्षक मॅक्स कॉलर यांनीं मार्च महिन्यांत आपला निष्कर्ष मांडला, तो असा कीं, केवळ अनुदानाच्या कपातीवर दोष ढकलतां येणार नाहीं. तशाच अडचणींतून इतर कौंट्यांनीं वाट काढलेली आहे. येथें योजलेली काटकसर प्रत्यक्षांत उतरत नव्हती, आणि ती कां उतरत नाहीं हें खोदून न विचारतां, मालमत्ता विकून एकदांच मिळणाऱ्या पैशानें दर वर्षीं पडणारा खड्डा बुजविण्यांत येत होता. कौन्सिलचीं कामें निरनिराळ्या स्वतंत्र संस्थांकडे सोंपविण्याची एक भव्य योजना आंखण्यांत आली, पण तिला पक्क्या हिशेबाचा पाया नव्हता. कौन्सिलचा करहि इतर कौंट्यांच्या मानानें कमी होता. कांहीं वर्षें तो वाढविण्याचें टाळण्यांत आलें होतें. त्या त्या वर्षीं करदात्यांस हें गोड वाटलें असेल; पण जो कर एका वर्षीं वाढला नाहीं, त्याची उणीव पुढील प्रत्येक वर्षाच्या उत्पन्नांत राहते.

कौन्सिलनें सुमारें ५ कोटि ३० लक्ष पौंड खर्चून बांधलेलें नवें मुख्य कार्यालय २०१७ सालीं उघडलें होतें. पुढच्याच वर्षीं तें विकून त्यांतच भाडेकरू म्हणून राहण्याची पाळी आली. २०१८-१९ सालीं कर ५.९८ टक्क्यांनीं वाढविण्यांत आला. खेड्यांतील बसमार्गांचें साह्य गेलें. सरकारनें मे महिन्यांत कारभारावर देखरेखीसाठीं कमिशनर नेमले. तरी जुलैंत वित्ताधिकाऱ्यास दुसरा अहवाल द्यावा लागला.

कौंटींत त्या वेळीं ३६ ग्रंथालयें होतीं. त्यांपैकीं २१ बंद करण्याचा ठराव झाला. खेड्यांतल्या अनेक कुटुंबांना ग्रंथालय म्हणजे केवळ पुस्तकांची जागा नव्हती. लहान मुलांच्या मातांना मदत देणारीं केंद्रेंहि कांहीं ठिकाणीं तेथेंच भरत. ठरावाविरुद्ध फिर्याद झाली आणि ऑगस्ट २०१८ मध्यें लंडनच्या हायकोर्टानें तो ठराव रद्द ठरविला. न्यायमूर्ति यिप यांच्या निकालाचें मर्म ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. ग्रंथालयें कधींच कमी करूं नयेत, असें कोर्टानें म्हटलें नाहीं. कौन्सिलची ओढाताणहि त्यानें नाकारली नाहीं. परंतु ग्रंथालयांविषयींचें व बालकांविषयींचें आपलें कायदेशीर कर्तव्य समोर ठेवून विचार न करतां, केवळ इतकी रक्कम वांचली पाहिजे एवढ्यावरून निर्णय घेणें हें बेकायदा होय, असें ठरलें. तिजोरी रिकामी झाली म्हणून कर्तव्याचा विचार करण्यापासून सुटका होत नाहीं. पुढें यांपैकीं कित्येक ग्रंथालयें चालविण्याचा भार स्थानिक लोकांनीं स्वतःच्या शिरावर घेतला.

निरीक्षकांचा शेवटचा सल्ला सर्वांत कठोर होता. ही संस्था सुधारण्यापलीकडे गेलेली आहे, तेव्हां ती मोडून नवी घडी बसवावी, असें त्यांनीं सुचविलें होतें. त्याप्रमाणें ३१ मार्च २०२१ रोजीं कौंटी कौन्सिल व तिच्यांतील सातहि डिस्ट्रिक्ट आणि बरो कौन्सिलें विसर्जित झालीं आणि दुसऱ्या दिवसापासून उत्तर व पश्चिम नॉर्थॅम्प्टनशायर अशा दोन संस्था सारीं कामें पाहूं लागल्या. १८८९ पासून १३२ वर्षें चाललेली एक लोकसंस्था हिशेबाच्या वहीनें संपविली. एप्रिल २०२३ नंतर इंग्लंडांत अशीं २१ कौंटी कौन्सिलें उरलीं, आणि डिसेंबर २०२४ मध्यें सरकारनें तेथीलहि दुहेरी कारभार मोडून सर्वत्र एकेरी व्यवस्था आणण्याचें धोरण जाहीर केलें. मात्र संस्था एक असो वा दोन, वृद्धांची संख्या आणि रस्त्यांची लांबी त्यामुळें बदलत नाहीं.

महाराष्ट्रांत १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा आल्या. शाळा, रस्ते, आरोग्यकेंद्रें अशीं बरींच समान कामें त्यांच्याकडेहि आहेत. परंतु त्यांच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग राज्य सरकारच्या अनुदानाचा असतो. म्हणून खर्च आणि पट्टी यांची सांगड मतदारास तितकी स्पष्ट दिसत नाहीं. कौंटी कौन्सिलच्या व्यवस्थेंत ती दिसूं शकते, हा तिचा गुण. आणि दिसत असूनहि सभासदांनीं तिकडे डोळेझांक केली, हा नॉर्थॅम्प्टनशायरचा दोष.

कमी कर आणि भरपूर सोयी हीं दोन्हीं वचनें एकाच निवडणुकींत देतां येतात. एकाच अंदाजपत्रकांत पाळतां येत नाहींत. त्यांतलें कोणतें सोडावयाचें, हें सांगण्याचें जे टाळतात, त्यांच्या वतीनें तो निर्णय काळ घेतो. आणि त्याची किंमत प्रथम मोजतो तो बसच्या थांब्यावर उभा असलेला म्हातारा आणि ग्रंथालयाच्या बंद दारावरून परत फिरलेलें मूल. पट्टी किती, याइतकेंच ती कशावर खर्च होते हें दर वर्षीं विचारणारे नागरिक हीच लोकसंस्थेची खरी गंगाजळी होय.