‘नक्की डिलीट करायचं?’

जीमेलची 15 जीबी जागा भरत आली की सूचना येऊ लागते आणि कोथरूडमधल्या एखाद्या सोसायटीचे सेक्रेटरी मे महिन्यातल्या रविवारी मेल साफ करायला बसतात. बँकेच्या जाहिराती फार झाल्यात, म्हणून बँकेचं नाव टाकून शोध. वरच्या चौकोनात टिक केली की पन्नास मेल निवडले जातात आणि वर एक ओळ येते: या शोधातले सगळेच निवडा. तेही केलं. डिलीट दाबल्यावर चौकट उघडते, खात्री आहे का? हात तोवर ‘ओके’वर पोचलेला असतो. ट्रॅशमधले मेलही जागा अडवतात, म्हणून तोही लगेच रिकामा. पुन्हा चौकट, पुन्हा ओके. त्याच बँकेकडून आलेल्या मेंटेनन्स भरल्याच्या सूचनाही त्यात गेल्या, हे कळतं हिशेब जुळवताना. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. मेमधली चूक ऑगस्टमध्ये उघड होते.

यात सेक्रेटरींना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. ॲपलमध्ये मॅकिन्टॉशचं काम सुरू करणाऱ्या जेफ रास्किन यांनी 2000 सालच्या पुस्तकात हे मांडलं आहे. तोच प्रश्न दरवेळी आला की ‘हो’ म्हणणं त्या कृतीचाच भाग होऊन बसतं. त्यांचा मुलगा आझा याने 2007 मध्ये सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना बजावलं, इशारे देण्यापेक्षा केलेलं मागे घेण्याची सोय द्या.

जीमेल एखादा मेल काढताना तसंच वागतं. काही विचारत नाही. ‘अन्डू’ काही सेकंद दिसतं, मेल 30 दिवस ट्रॅशमध्ये राहतो. ऑफिसचं गूगल वर्कस्पेस खातं असेल, तर ट्रॅशमधून गेल्यावरही ॲडमिनला 25 दिवस तो परत आणता येतो. सोसायटीच्या साध्या खात्याला ॲडमिन कुठला? आणि मोबाइलवर पुसलेला मेल लॅपटॉपवरही उरत नाही, कारण दोन्हीकडे सहसा सर्व्हरवरचाच मेल दिसत असतो.

वेगळी प्रत हवीच. 2008 मध्ये पुण्यात सुरू झालेली द्रुवा ही कंपनी मोठ्या कंपन्यांच्या मेलच्या अशाच स्वतंत्र प्रती सांभाळते. सोसायटीला गूगल टेकआउट पुरतं: सगळे मेल उतरवून घ्यायचे, एक प्रत सेक्रेटरींकडे, एक खजिनदारांकडे. साफसफाई त्यानंतर.